शिट्टीचा दात

मंगळवार, ११ फेब्रुवारी. चार हजार तीनशे पन्नास रुपयांचं काम परत आलं. खालच्या जबड्याची पूर्ण कवळी होती, एका निवृत्त पोस्टमास्तरांची. सोबत दातांच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी होती: 'चावताना डगमगते.' कवळ्या बनवणाऱ्या धाकट्यांनी ती प्लास्टरच्या साच्यावर बसवून पाहिली. बाईंचं खरं होतं. डावीकडच्या दाढा उंच राहिल्या होत्या आणि तेही इतक्या, की शिकाऊ माणसाच्याही नजरेतून सुटू नये.

जानेवारीपासून परत आलेलं हे तिसरं काम. त्याआधीच्या एकोणीस वर्षांत सगळी मिळून तीन परत आली नव्हती.

दुपारी बाईंचा फोन आला. त्या कधी आवाज चढवत नसत, म्हणूनच त्यांचं बोलणं जास्त लागायचं.

"धाकटे, तुमच्या हाताला काय झालंय?"

"हाताला काही नाही."

"मग जिथे झालंय तिथे बघा. पेशंट मला बोलतात, तुम्हाला नाही. मोठ्या लॅबचा माणूस दर आठवड्याला येऊन बसतो. त्यांच्याकडे यंत्रावर दात कोरतात. मी त्याला चहा पाजून वाटेला लावते. पण आता आणखी एक काम परत आलं, तर मला त्याला हो म्हणावं लागेल. राग धरू नका."

"नाही धरणार."

"एक चिठ्ठी पाठवलीय. एकच दात आहे, पुढचा. रविवारच्या आत हवाय. एवढं नीट करा."

आधी धाकट्यांकडे तीन डॉक्टरांची कामं यायची. दोघं केव्हाच यंत्राकडे गेले. उरल्या होत्या या बाई. त्याही गेल्या की सत्तावन्नाव्या वर्षी दुसरं कुठलं काम धरायचं, याचा विचार करायचीही त्यांना ताकद नव्हती.

वय सत्तावन्न, डोक्यावर काळा केस औषधालाही नाही, तरी सगळीकडे ते धाकटेच. याला कारण त्यांचे थोरले भाऊ. दादांची नोकरी पाणीपुरवठ्याच्या पंपावर गेली. तिथल्या धडधडीत चौतीस वर्षं बोलून त्यांचा आवाज असा झाला होता, की घरात मीठ मागितलं तरी शेजारची बाई मीठ घेऊन यायची. तो आवाज खरा शोभायचा फुटबॉलच्या मैदानावर. शहराचा संघ पिवळ्या शर्टात खेळायचा, लोक त्याला 'पिवळे' म्हणत. कोपऱ्यातल्या गॅलरीत तिसऱ्या रांगेत दादा उभे राहून एक आरोळी सुरू करत आणि उरलेली सगळी गॅलरी पुरी करे. शेजारी धाकटे बसत. ते ओरडत नसत. घरात एक ओरडणारा पुरे, असं ते म्हणत. धाकट्यांनी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायचंही लोकांनी सोडून दिलं होतं. खाली दादा-वहिनी, वर धाकट्यांची खोली, तिथेच त्यांचं काम.

सप्टेंबरातल्या एका सकाळी दाढी करता करता दादांच्या हातातून वस्तरा गळून पडला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पुढे पाय थोडा सुधारला, वाचा नाही. समजायचं सगळं, पण तोंडातून एकच शब्द यायचा, 'नको'. चहा हवा का? नको. आणि डावा हात कपाकडे. खिडकी लावू का? नको. आणि मान होकारार्थी. दादांचं 'नको' म्हणजे काय, ते हाताकडे बघून ठरवायचं, असं वहिनींनी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगून ठेवलं होतं.

धाकट्यांना ते ऐकवेना. रोज सकाळी पाच मिनिटं ते खोलीत जात, पांघरूण सारखं करत आणि 'काम आहे' म्हणून जिना चढत. मैदानावर जाणं तर बंदच केलं. दादाला खाटेवर ठेवून आपण गोल बघायचे, हे त्यांच्या पचनी पडेना. मग हळूहळू बाकीचंही सुटत गेलं. पेपर न उघडता पडून राही. सकाळी उठल्यावर मोजे हातात घेऊन ते पंधरा-पंधरा मिनिटं खाटेच्या कडेवर बसत. रडू येत नव्हतं, दुखत काही नव्हतं. कुणी विचारलं तर सांगायला कारणही नव्हतं, कारण आजारी पडले होते दादा, ते नव्हे. तीन कामं परत आली ती यातून.

नवी चिठ्ठी साधी होती. वय सव्वीस, पुरुष, वरचा पुढचा एक दात मुळापासून तुटलेला. काढता-घालता येईल अशी एका दाताची प्लेट. रंगाच्या पट्टीवरचा नंबर दिला होता. धाकट्यांनी साचा ओतला. मोकळी जागा जरा जास्त दिसली. दात गेल्यावर शेजारचे सरकतात, त्यातलंच काही असेल असं धरून त्यांनी एक रुंदसा दात निवडला, शेजारच्या दाताला नीट टेकवून बसवला आणि जागा भरून काढली. पुस्तकात जसं दाखवतात तसं. घासून, पॉलिश करून गुरुवारी सकाळी प्लेट रवाना केली. कितीतरी दिवसांनी एक काम चोख झालं असं त्यांना वाटलं.

गुरुवारी संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. दारात एक उंच, सडपातळ तरुण उभा राहिला. हाताच्या नखांत निळा रंग, अंगात पिवळा शर्ट.

"दात करणारे काका तुम्हीच ना?"

"हो. का?"

त्याने ओठ वर करून दात दाखवला. धाकट्यांनी चष्मा चढवून पाहिलं. प्लेट घट्ट, रंग तंतोतंत, हिरडीची रेषा सुरेख.

"चांगला बसलाय की."

"चांगलाच बसलाय. आई म्हणाली, आता तुझं लग्न जमेल." तो हसला नाही. "पण काका, हा मी नाही."

"म्हणजे?"

"मला दोन दातांत फट होती. तुम्ही बुजवलीत."

धाकटे खाली बसले. चौथं काम. जागा जास्त दिसली ती दात सरकल्यामुळे नव्हे, ती त्या तोंडाचीच होती, आणि विचारायला एक फोन पुरला असता.

तरुण समोरच्या स्टुलावर बसला आणि सगळं सांगू लागला. दिवसा तो रंगाच्या दुकानात डबे हलवायच्या यंत्रावर असायचा. बाकीचा वेळ रॅप. शाळेत फटीमुळे त्याचा प्रत्येक 'स' शिट्टी मारत यायचा. पोरं 'शिट्टी' म्हणून चिडवायची. चिडून उपयोग नाही हे कळल्यावर त्याने तेच नाव घेतलं. पुढे पिवळ्यांवर एक गाणं केलं, आणि तीन वर्षं प्रत्येक घरच्या सामन्याच्या मध्यंतरात तो मैदानावर उभा राहून ते म्हणत होता.

"दात कसा गेला?"

"शेवटच्या मिनिटाला गोल झाला आणि शेजारच्या काकांचं कोपर लागलं. ते अजून माफी मागतायत. मी म्हटलं, राहू द्या, बरोबरी झाली ना." मग आवाज उतरला. "आता 'स' म्हणतो तर बातम्या वाचल्यासारखं वाटतं. रविवारी सामना आहे. हरलो तर संघ खालच्या गटात जाणार. अशा दिवशी मी बातम्या वाचू का?"

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"नाही. प्लेट काउंटरवरच्या ताईंनीच दिली. त्या म्हणाल्या, हे परत आलं तर तुमचं काम जाईल. म्हणून पत्ता घेऊन सरळ इकडे आलो."

धाकट्यांनी त्याचा साचा समोर ओढला. ज्याचं नुकसान केलं, तोच आपल्या पोटाची काळजी करतोय, हे त्यांना जड गेलं.

"किती फट होती?"

"दुकानाचं कार्ड मावायचं. दोन नाही मावायची."

"आणि आवाज? तो कसा होता?"

"तुम्ही गाणं ऐकलं नाहीत? तीन वर्षं?"

धाकट्यांना ओशाळल्यासारखं झालं. मध्यंतर झालं की दोघांचा चहा आणायला ते रांगेत जात, आणि परत येईपर्यंत खेळ सुरू झालेला असे. गाणं म्हणजे त्यांच्या लेखी रांगेतून ऐकू येणारा गोंगाट होता. शिट्टीने ते त्यांच्या फोनवर पाठवून दिलं आणि तो निघून गेला.

धाकट्यांनी फोन टेबलावर ठेवून गाणं लावलं. पहिल्यांदा नुसती बडबड वाटली, ठेक्यावर केलेली. चाल नाही, आलाप नाही. दुसऱ्यांदा ऐकताना शब्द सुटे होऊ लागले:

*सकाळी साडेसहा, सायरन, सायकल, साबण,*
*सगळ्यांच्या शर्टावरती एकच रंग, आपण.*
*हरलो तर हरलो, सोमवारी कामावर,*
*सोडून कोण जातं रे, घर आपलं…*

इथे तो थांबे. शेवटचा शब्द तो म्हणतच नसे. तो सगळं मैदान म्हणे, *वाऱ्यावर*, हजारो गळ्यांनी.

प्रत्येक 'स' च्या टोकाला बारीक शिट्टी होती, जशी दाराच्या फटीतून हवा यावी तशी. ती कानात बसावी म्हणून त्यांनी तेच गाणं पुन्हा पुन्हा लावलं. पाचव्या-सहाव्या वेळी खालून धपधप आवाज आला. दादा खाटेच्या कठड्यावर हात आपटत होते. त्रास होत असेल म्हणून धाकट्यांनी फोन बंद केला. आवाज दुपटीने सुरू झाला.

"भाऊजी," वहिनींनी जिन्याखालून हाक मारली, "ते बंद नका करू. खाली घेऊन या."

धाकटे फोन घेऊन खाली गेले. गाणं पुन्हा सुरू झालं तसा दादांचा डावा हात कठड्यावर ठेका धरू लागला. चुकत नव्हता. कुठे थांबायचं, कुठे दोन जलद, सगळं ठाऊक. तीन वर्षं ते ऐकत होते ना, धाकटे चहाच्या रांगेत असताना.

"नको," दादा म्हणाले आणि बोटाने पुन्हा लावायची खूण केली.

धाकटे त्या खोलीत पावणेदोन तास बसले. सप्टेंबरपासून एवढा वेळ ते तिथे बसले नव्हते. वहिनींनी ते पाहिलं. त्यांनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणून धाकट्यांमागे ठेवलं, कारण तोवर ते खाटेच्या कोपऱ्यावर अवघडून टेकले होते.

शुक्रवारी त्यांनी नवी प्लेट केली. अरुंद दात घेतला आणि तो हलवता यावा म्हणून नुसत्या मेणावर टेकवून ठेवला. शनिवारी दुपारी शिट्टीला बोलावलं आणि सामान खाली दादांच्या खोलीत मांडलं. साचा, गुलाबी मेण, स्पिरिटचा दिवा, कानस, घासायचं छोटं यंत्र.

"इथे का?" शिट्टीने विचारलं.

"माझ्या कानांवर माझा भरवसा नाही. तुझं गाणं पाठ असलेला माणूस इथे आहे."

शिट्टीने खाटेकडे पाहिलं आणि सावरून उभा राहिला. "हे? हे तर आवाजवाले काका. तिसरी रांग. काका, तुम्ही दिसेनासे झालात तर आम्हाला वाटलं, तुम्ही संघ बदलला."

"नको," दादा म्हणाले, आणि कपाळावर अशी आठी घातली की वहिनींना हसू फुटलं.

फट मोजायला शिट्टीने दुकानाचं कार्डच आणलं होतं. कार्ड मावलं, दुसरं मावलं नाही. धाकट्यांना वाटलं, झालं काम. शिट्टीने पहिल्या दोन ओळी म्हटल्या. शिट्टी नाहीच, नुसता सुस्कारा. दादांचा तळवा आडवा हलला.

धाकट्यांनी दात बाहेर काढून उजेडात धरला. फट बरोबर होती, पण दाताची मागची कड जाड होती. जीभ जिथे टेकते तिथे हवेला वाटच नव्हती. त्यांनी कड घासली. दुसऱ्यांदा शिट्टी आली ती इतकी, की बाहेर कुत्रं भुंकलं.

"कुकर झालाय माझा," शिट्टी म्हणाला.

"बोलू नकोस, मेण हलेल."

"बोललो नाही तर कळणार कसं?"

"भाऊजी, त्याला ओरडू नका," वहिनी भाजीची चाळणी घेऊन दारात उभ्या होत्या. "आधीच एक दात गेलाय बिचाऱ्याचा."

धाकट्यांनी कणभर मेण मागे लावलं, दिव्याच्या ज्योतीवर सुरी तापवून ते पसरलं. तिसऱ्या वेळी त्यांना वाटलं, जमलं. शिट्टीलाही वाटलं. दादांनी तळवा आडवाच धरला. मग तर्जनी आणि अंगठा जवळ आणून दाखवले, इतकंसं.  धाकट्यांनी कानस घेतली आणि दोनदा, फक्त दोनदा, फिरवली. 

चौथ्या वेळी शिट्टी जरा लांब, खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. डोळे मिटले आणि मैदानावर म्हणतो तसा म्हणत गेला. सायरन, सायकल, साबण. दादांचा हात कठड्यावर होता. तळवा हलला नाही, ठेका चालू राहिला. सगळ्यांच्या शर्टावरती. हरलो तर हरलो, सोमवारी कामावर. सोडून कोण जातं रे, घर आपलं… सवयीने शिट्टी थांबला.

"वाऱ्यावर," दादा म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. जाडाभरडा, एका बाजूने ओढलेला, पण शब्द पुरा होता. वहिनींनी चाळणी खाली ठेवली. शिट्टी तोंडात मेणाचा दात धरून तसाच उभा राहिला, काय झालं ते त्याला समजेना.

"काय म्हणालास, दादा?" धाकट्यांनी विचारलं.

दादांनी ओठ हलवले. मेहनत केली. "नको," ते म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी आलं. रागाचं की कशाचं, कुणाला सांगता आलं नसतं.

धाकट्यांना त्या ओळीतलं 'कोण' जिथे लागायचं तिथे लागलं होतं. दादांनी ते त्यांना उद्देशून म्हटलं नव्हतं हे उघड होतं, ती गाण्याची ओळ होती, मैदानाचा शब्द होता. तरी पाच महिने पाच-पाच मिनिटं बसणारा माणूस त्या खोलीत एकच होता. त्यांनी दादांचं तोंड रुमालाने पुसलं, पांघरूण सारखं केलं आणि यावेळी जिना चढले नाहीत. मेणावरचा दात पक्का करण्याचं काम त्यांनी तिथेच बसून सुरू केलं, आणि रसायनाच्या वासाची तक्रार वहिनींनी केली नाही.

रविवारी ते मैदानावर गेले. तिकीट काढायच्या खिडकीपुढे रांग वळसा घालून गेली होती. फाटकावरच्या माणसाने त्यांना पाहिलं आणि पाकीट पुढे केलं. शिट्टीने ठेवून दिलं होतं, वर लिहिलं होतं, 'धाकटे काका, तिसरी रांग.' शेजारच्या जागेवर एक परका माणूस बसला होता. त्याने विचारलं, "आवाजवाले कुठे आहेत?" धाकट्यांनी पहिल्यांदाच कुणाला तरी सगळं नीट सांगितलं. दाढी, वस्तरा, 'नको'. माणसाने मधे बोलून सांत्वन केलं नाही, ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्यांना सांगा, त्यांच्यावाचून आमच्या आरोळ्या अर्ध्यातच मरतात."

मध्यंतरात चहाला न जाता धाकट्यांनी वहिनींना फोन लावला आणि फोन उंच धरला. शिट्टी रेषेपाशी येऊन उभा राहिला. पहिल्याच 'स' ला हवा फटीतून बरोबर निघाली. गॅलरीत कुणाला काही वेगळं वाटलं नाही, आणि दात करणाऱ्याला याहून मोठी पावती नसते. शेवटचा शब्द आला तेव्हा धाकटेही ओरडले. स्वतःचा आवाज त्यांना अनोळखी वाटला.

पिवळे दोन-एकने हरले आणि खालच्या गटात गेले. दुसरा गोल गोलरक्षकाच्या पायांमधून गेला. बस चुकली म्हणून धाकटे चालत घरी आले, आणि वाटभर त्या गोलरक्षकाला मनातल्या मनात फाडून खात होते. घराजवळ आल्यावर त्यांना जाणवलं, की एवढ्या वेळात आपण स्वतःविषयी काहीच विचार केला नाही.

"फोनवर काही म्हणाला का?" त्यांनी दारातच विचारलं.

"शब्द नाही," वहिनी म्हणाल्या. "पण फोन ठेवू देईनात. सामना संपेपर्यंत कानाला. हरल्यावर बघण्यासारखा चेहरा झाला होता."

धाकटे आत गेले. दुसरा गोल कसा गेला ते त्यांनी दोन उशा मांडून दाखवलं. दादांनी डाव्या हाताने गोलरक्षकाविषयी जी खूण केली, ती वहिनींसमोर करण्यासारखी नव्हती.

सोमवारी डॉक्टरीणबाईंकडून दोन नव्या चिठ्ठ्या आल्या, सोबत एक ओळ: 'फट ठेवलीत हे छान केलंत, मीच लिहायला विसरले होते.' पोस्टमास्तरांची कवळी त्यांनी त्याच आठवड्यात दुरुस्त करून दिली. ती परत आली नाही. सकाळी मोजे हातात घेऊन बसणं मात्र लगेच सुटलं नाही. कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. पण दुपारचं घासकाम धाकटे आता खाली करतात आणि गाणं लावतात. दादांना तो शब्द मार्चअखेरपर्यंत चार वेळा आला, तोही गाण्याच्या शेवटीच, एरवी नाही. दादांचे डॉक्टर म्हणाले, यावरून काही सांगता येत नाही.

शिट्टी आता खालच्या गटातल्या दर सामन्याआधी दात तपासून घ्यायला येतो आणि दादांजवळ बसून जातो. त्या रविवारच्या तिकिटाचे ऐंशी रुपये धाकट्यांनी त्याला अजून दिलेले नाहीत.